ओढायचं नाही, म्हणालीस तू

सारे, तुला जाऊन सतरा दिवस झाले आणि मी अजून रोज कुणाला तरी मारायच्या तयारीतच उठते. डोळे उघडायच्या आधी मुठी आवळलेल्या असतात. जबडा ठणकत असतो, कारण झोपेतही दात दाबून धरलेले असतात. परवा शाळेत खेळाच्या सामानाच्या खोलीत गेले, आतून कडी लावली आणि डंबेल्सचा अख्खा रॅक ओढून खाली पाडला. बाहेर मुली गोळा झाल्या. "मॅडम, लागलं का तुम्हाला?" मी दार उघडून म्हटलं, "नाही. रॅक पडला." पाचवीतली एक पोरगी माझ्या हातांकडं बघत मागं सरकली. तिचं ते मागं सरकणं बघितलं आणि मग मला रडू आलं.

डान्स क्लासच्या ग्रुपवर तुझा फोटो टाकून कुणीतरी लिहिलं, हसतमुख व्यक्तिमत्त्व हरपलं. खाली जोडलेल्या हातांची रांग. तू कधी होतीस गं हसतमुख? तू तिरकस होतीस, हेकट होतीस, गिऱ्हाईक दुकानातून गेलं की त्याच्या चालीची नक्कल करायचीस. चिडलीस की खालचा ओठ आत घेऊन गप्प बसायचीस, आणि ते गप्प बसणं माझ्या आरडाओरड्यापेक्षा लई भारी पडायचं. तुला अशी गुळगुळीत करून फोटोत बसवलेली मला चालणार नाही. आणि 'हरपलं' तर मुळीच नाही. छत्री हरपते, किल्ली हरपते. तुला मारलंय.

आपली ओळखच भांडणातून झाली. औरंगपुऱ्यात अन्वरभाईंच्या चष्म्याच्या दुकानात तू काउंटरवर होतीस. माझ्या आईच्या चष्म्याची काडी आठ दिवसांत दुसऱ्यांदा निखळली होती आणि मी चष्मा काचेवर आपटून जाब विचारत होते. तू शांतपणे ऐकत होतीस. आधी माझ्या हाताकडं बघितलंस, मग मान वर करत करत माझ्या डोक्यापर्यंत.

"उंची किती हो तुमची?"

"त्याचा काय संबंध?"

"पाच नऊ असंल. वरच्या मजल्यावर डान्स क्लास हाय. तिथं गडी कमी पडतात."

त्याच वेळी वरून धप धप आवाज यायला लागला आणि शोकेसमधल्या फ्रेमा थरथरल्या. तू छताकडं बोट दाखवून म्हणालीस, "आमचंच चालू व्हायलंय. पाच मिनिटांत दुकान बंद करून मी पण जाते. चला बघायला." आणि मी, शाळेची पी.टी. टीचर, भांडायला आलेली बाई, तुझ्या मागं जिना चढले. का चढले ते मला अजून सांगता येत नाही.

वर सॅम सर. पाटीवर सॅम, आईबापांनी ठेवलेलं नाव समाधान. पुण्यात साल्सा आणि बचाटा शिकून आलेला, बोलताना अर्धं मराठी आणि अर्धं आपलं गावातलं हिंदी. बारा बायका आणि तीन पुरुष. साल्सात जोडीतला एक जण वाट दाखवतो आणि दुसरा त्या वाटेनं जातो. वाट दाखवणाऱ्याला लीड म्हणतात, आणि तो बहुतेक पुरुषच असतो. पुरुष नव्हते म्हणून सरांनी मला लीड केलं आणि तुला माझ्यासमोर उभं केलं. तू घरी 'झुम्बा' असं सांगून यायचीस. बायकांचा झुम्बा, वजन उतरवायला. तेवढं चालायचं तुझ्या घरी.

मी कबड्डीत उजव्या कोपऱ्याची. चौदा वर्षं तेच केलेलं. समोरचा पाय टप्प्यात आला की झडप घालायची, घोटा धरायचा आणि माणूस मागं ओढून आपटायचा. माझ्या हाताला दुसरं काही येतच नव्हतं. सर म्हणाले, जोडीदारणीला आपल्या समोरून पलीकडं जाऊ द्यायचं. मी तुझा हात धरला आणि तुला फेकलीच. तू आरशावर जाऊन आदळलीस. सर ओरडले, "हल्लू मॅडम, हल्लू! पकडना नको, बुलाना!" तुझ्या मनगटावर माझी चार बोटं आणि अंगठा लाल उमटला होता. तू त्याच्याकडं बघितलंस आणि बाही खाली ओढून घेतलीस. ओढायची सवय असल्यासारखी.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी गिरकी शिकवली. लीडनं हात वर करायचा, समोरचीनं त्याखालून फिरायचं, एवढंच होतं. मी हात वर केला. माझा हात तसा झटक्यातच वर जातो. तू फिरली नाहीस. तू मान खांद्यात घातलीस, डोळे गच्च मिटलेस आणि मोकळा हात तोंडावर आडवा धरलास. गाणं चालूच होतं. आजूबाजूला सगळ्या फिरत होत्या. तू तशीच उभी. मग डोळे उघडून म्हणालीस, "काय बघती? पुन्हा कर. सावकाश."

मार खाणारं अंग मला ओळखता येतं. माझ्या लहानपणी आमच्या घरात ते आईचं होतं. मी काही विचारलं नाही आणि तू काही सांगितलं नाहीस. पण त्या दिवसापासून तुझ्यासमोर हात वर करताना मी आधी तुझे डोळे बघायला लागले.

मला लीड करायला सॅम सरांनी नाही शिकवलं, तू शिकवलंस. दुपारी दुकानाच्या सुट्टीत तू मला वर घेऊन जायचीस. गाणं नाही, काही नाही. नुसते तळहात तळहाताला टेकवायचे आणि चालायचं. "अंगठा कशाला दाबती?" तू म्हणायचीस. "अंगठा म्हणजे कडी. उघडी ठेव की." मी चिडायचे. मग पकडायचं कशानं, आणि पकडायचं नाही तर न्यायचं कसं?

"न्यायचंच नाय ना, वैशे. तू ओढती. ओढल्यावर मी येते, पण ते येणं माझं नसतं. तू आधी तुझं अंग हलव. बाजूला हो, जागा करून दे. मी बघते, मग येते."

"आणि नाही आलीस तर?"

"तर नाही आले. तू तुझं पाऊल टाक. पुढल्या ठोक्याला पुन्हा विचार."

"ही काय लीड झाली? ही तर विनवणी झाली."

तू हसलीस. "विनवणीत माणूस वाकतं. तू ताठ उभी राहून विचार. ओढायचं नाही, एवढंच."

दीड महिना लागला मला. एका बुधवारी संध्याकाळी, क्लास भरलेला असताना, मी फक्त वजन डाव्या पायावर घेतलं आणि बाजूला झाले, आणि तू माझ्या समोरून सरळ निघून गेलीस, मान वर, पलीकडं जाऊन वळलीस आणि परत आलीस. माझ्या हातात तुझी फक्त बोटं होती. सर टाळी वाजवून म्हणाले, "अब्बी बरोबर!" मला वाटलं, चौदा वर्षं मी माणसं जमिनीवर पाडली, आणि आज पहिल्यांदा एक माणूस माझ्या हातातून उभं राहून गेलं. त्याच आठवड्यात आईला घेऊन रस्ता ओलांडला तर पलीकडं पोचल्यावर आई म्हणाली, "आज दंड दुखला नाय माझा." इतकी वर्षं तिचा दंड दुखत होता, सारे, आणि ती बोलली नव्हती. हे तुझ्यामुळं कळलं मला.

आता तो जिना. त्याच्याबद्दल आपण कधीच नीट बोललो नाही.

कुणीतरी क्लासचा व्हिडिओ टाकला आणि तो प्रशांतच्या मोबाइलवर पोचला. प्रशांत, तुझा नवरा. प्लॉटिंगचा धंदा, पांढरा शर्ट, सगळ्यांना वाकून नमस्कार. संध्याकाळी सहाचा सुमार. तू माझ्या आधी खाली उतरलीस आणि मला तुझा आवाज ऐकू आला. ओरडणं नव्हतं ते, श्वास मध्येच तुटल्यासारखं काहीतरी. मी कठड्यावरून बघितलं. त्यानं तुझी वेणी मनगटाला गुंडाळली होती आणि तो तुला एकेक पायरी खाली ओढत होता. खाली माणसं थांबून बघत होती. अन्वरभाई दुकानातून बाहेर येऊन हात जोडत होते, "भाईसाब, नको करो ऐसा, औरत है." बाकी कुणी हललं नाही.

मी तीन-चार उड्यांत खाली आले. त्याचं मनगट धरलं आणि पिळलं. वेणी सुटली, तरी मी सोडलं नाही. त्याला गुडघ्यावर आणलं आणि तरी सोडलं नाही. तो "सोड, सोड" म्हणत होता. मी आणखी पिळलं आणि हाड मोडल्याचा आवाज आला. मला तो आवाज आवडला, सारे. हे मी तुला कधी सांगितलं नाही. आजही तो आठवला की मला बरं वाटतं, आणि बरं वाटल्याची लाजही वाटत नाही.

लाज पुढच्याची वाटते. मी तुझा दंड धरला आणि तुला गर्दीतून माझ्या स्कूटीपर्यंत नेलं. तू "थांब" म्हणत होतीस. "वैशे, थांब. ऐक." मी ऐकलं नाही. तुला मागं बसवलं आणि गाडी सुटली ती थेट आमच्या घरी. वाटेत तू माझ्या पाठीवर बुक्क्या मारत होतीस. मला वाटलं, घाबरलीये.

आईनं तुला पाणी दिलं. तुझ्या कपाळावरचं रक्त पुसलं. मग मला विचारलं, "हिचं लेकरू कुठंय?"

तेव्हा मला कळलं तू पाठीवर बुक्क्या मारून काय सांगत होतीस. सई घरी होती. आठ वर्षांची पोर, त्या माणसाच्या घरी, आणि मी नुकताच त्याचा हात मोडून आले होते.

तू उठलीस. मी दारात आडवी उभी राहिले. म्हटलं, आपण दोघी जाऊ, पोलिसांना घेऊन जाऊ, सईला आणू. माझं बरोबर होतं गं. अजूनही वाटतं, बरोबर होतं. पण तू काही ऐकायच्या पलीकडं गेली होतीस.

"त्यानं केस धरले, तू दंड धरलास. मला विचारलं का कुणी?"

"त्याच्यात आणि माझ्यात काहीच फरक नाही?"

"आज नव्हता."

मी म्हटलं, "जा मग. मर तिकडं."

तू खालचा ओठ आत घेतलास, चपला घातल्यास आणि जिना उतरून रिक्षा केलीस.

पाच महिने आपण बोललो नाही. मधल्या काळात काय झालं ते तू नंतर एकदाच सांगितलंस, तेही आरशाकडं बघत. प्रशांत पायऱ्यांवरून घसरला असं त्यानं सगळ्यांना सांगितलं. बाईनं हात मोडला हे सांगण्यापेक्षा ते बरं. "प्लास्टर लई जड असतं," तू म्हणालीस. बस एवढंच. पुढचं मला कळलं. मी त्याला मोडलेला हात दिला आणि त्यानं त्याचं हत्यार केलं. त्या दिवशी सासूनं तुला दारातच थांबवलं होतं. कुठल्या जातीच्या घरी बसून पाणी पिऊन आलीस ते तिला कळलं होतं. डोक्यावरून पाणी घेतल्याशिवाय आत यायचं नाही, म्हणाली. हे सांगताना तू मान खाली घातलीस. मार सांगताना तुझी मान कधी खाली गेली नव्हती.

मग एक दिवस शाळा सुटताना तू फाटकाशी उभी होतीस. सोबत सई, दोन वेण्या, पुढचे दात किडलेले. सॉरी नाही, कसं चाललंय नाही.

"नाचायचंय. येती का?"

"येते."

ते 'मर' मी परत घेतलं नाही. तूही परत मागितलं नाहीस. मी रोज ठरवायचे, आज बोलू. पण एकदा नाचायला लागलो की त्या शब्दाला मध्ये घेणं नको वाटायचं. आता तो माझ्याकडंच राहिला.

सॅम सरांनी गुरुवारी दुपारी, तुझ्या दुकानाच्या सुट्टीत, रिकामा हॉल आपल्याला वापरायला दिला. खिडक्या बंद, गाणं बारीक. तू पूर्वीपेक्षा जास्त चांगली नाचायला लागली होतीस, आणि जास्त रागानं. पाय आपटायचीस. माझ्या समोरून जाताना असा झोत यायचा की मला दोन पावलं मागं जावं लागायचं. एकदा तर गिरकीत तुझं कोपर माझ्या बरगडीत बसलं. मी कळवळले. तू थांबून म्हणालीस, "लागलं? बरं झालं. मला वाटलं माझ्यात जोरच उरला नाय." मग दोघी खाली बसून इतक्या हसलो की अन्वरभाईंनी खालून छताला काठीनं ठोकलं. त्या दुपारी मला वाटलं होतं, ही बाई एक दिवस त्याला फाडून खाईल.

आणि मग शेवटचा गुरुवार. उकाडा होता आणि तू गळ्याला ओढणी गुंडाळून आलीस. नाचताना ती सरकली. गळ्यावर दोन्ही बाजूंना बोटं उमटलेली होती. मी थांबले. गाणं बंद केलं.

"माझ्या घरी चल. आत्ता. सईला शाळेतून घेऊ आणि तशीच चल."

"नाय."

"सारे, गळा धरलाय त्यानं. आता पुढं काय राहिलं? मारून टाकील तो तुला."

"सईची परीक्षा सोमवारपासून हाय. ती होऊ दे."

"परीक्षा?"

"वैशे, मला ठरवू दे."

माझ्या हातात तुझा हात होता. मला कळत होतं की मी तुला उचलून नेऊ शकते. तू पंचेचाळीस किलोची, मी पंचाहत्तरची. जिन्यात दोन मिनिटं, स्कूटीवर दहा. मनगट धरलेलं होतं, अंगठा दाबलेला होता, तुझ्या कातडीवर पांढरा डाग पडला होता. तू खाली त्याच्याकडं बघितलंस, मग माझ्याकडं. म्हणालीस, "सोड."

मी सोडलं.

कारण तू शिकवलं होतंस. कारण एकदा ओढलं तर पाच महिने गमावले होते. कारण मला त्याच्यासारखं व्हायचं नव्हतं. तू माझ्या गालाला हात लावलास आणि म्हणालीस, "शाणी झालीस की गं." आणि खाली दुकानात गेलीस.

रविवारी संध्याकाळी चारच्या सुमाराला अन्वरभाईंचा फोन आला. ते बोलू शकत नव्हते, नुसतं "सारिका बेटी, सारिका बेटी" म्हणत होते. सरकारी दवाखान्यात पोचले तेव्हा तुला पांढऱ्या चादरीखाली ठेवलेलं होतं. मी चादर बाजूला केली. एका बाजूनं तू तूच होतीस. दुसऱ्या बाजूनं कुणी नव्हतं, सारे. तिथं ओळखायला काही ठेवलंच नव्हतं त्यानं. मी ते बघितलं आणि पुन्हा बघितलं, कारण कुणीतरी नीट बघायला पाहिजे होतं.

तो बाहेर बाकावर बसून रडत होता. "जिन्यावरनं पाय घसरला हो तिचा," येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होता. उजव्या हाताला रुमाल गुंडाळलेला. मी चालत त्याच्याकडं गेले. त्यानं मला ओळखलं आणि बाकाच्या टोकाकडं सरकला. मी त्याचा गळा धरला. चौघांनी मिळून मला सोडवलं, आणि त्यातल्या एकाच्या हाताला मी चावले. तो बिचारा कुणाचा तरी नातेवाईक होता, डबा घेऊन आलेला. त्याची मी माफीही मागितली नाही.

तेव्हापासून मी तुझ्याशी भांडतेय. तुझा नियम नाचापुरता होता की सगळ्याला? माणूस विहिरीच्या काठावर उभं असलं तरी विचारायचं का, येतेस का म्हणून? मी एकदा ओढलं तर तू म्हणालीस माझ्यात आणि त्याच्यात फरक नाही. दुसऱ्यांदा सोडलं तर तू मेलीस. मग मी करायचं काय होतं, सांग ना. मधला कुठला डाव होता जो तू मला शिकवला नाहीस? मी तुझ्यावर चिडलेय. शाणी म्हणाल्याबद्दल चिडलेय. जबाब घेताना मला विचारलं, तुम्हाला दोन-तीन दिवस आधी माहीत होतं तर तुम्ही काय केलंत? मी म्हटलं, "तिला विचारलं." लिहून घेणाऱ्यानं पुढच्या वाक्याची वाट बघितली.

सईला तुझ्या वडलांनी फर्दापूरला नेलं. लेण्यांच्या फाट्यावरचं त्यांचं चहा-भज्याचं हॉटेल चार-पाच दिवस बंद होतं, मग उघडलं. ते कढईसमोर उभे असतात आणि भजी जळेपर्यंत काढत नाहीत. आई तुझी बोलतच नाही. प्रशांत कोठडीत आहे, पण तो पाय घसरला एवढंच म्हणतो, आणि त्याच्याकडची चार माणसं तेच म्हणतात. बघितलं ते फक्त सईनं. आणि सई पंधरा दिवस एक शब्द बोलली नव्हती.

काल तिचा जबाब घ्यायला एक पोलीस बाई साध्या साडीत फर्दापूरला येणार होत्या. तुझ्या वडलांनी मला फोन केला. म्हणाले, "तुम्ही या, अन् त्यांला परत पाठवा. माझी पोरगी गेली, आता नातीला ह्याच्यात ओढायचं नाय." मी सकाळच्या एसटीनं गेले. वाटभर माझ्या डोक्यात एकच होतं की सईनं बोललंच पाहिजे. नाही बोलली तर तो सुटेल. मी ठरवलं होतं की तिला मांडीवर घेईन, धरून बसवीन, रडली तरी बोलायला लावीन.

सई मागच्या ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. मी तिच्या शेजारी बसले. माझे हात मी मांडीखाली दाबून धरले, खरं सांगते. म्हटलं, "एक बाई आल्यात. आईचं काय झालं ते त्यांना ऐकायचंय. आबा म्हणतात नको. मला वाटतं तू सांगावंस. तुला काय वाटतं?"

ती शेंगा फोडत राहिली. पाच मिनिटं असतील, दहा असतील. आतून तुझे वडील दोनदा डोकावून गेले. मला तिला गदागदा हलवावंसं वाटत होतं.

मग तिनं ओंजळीतली टरफलं खाली टाकली आणि म्हणाली, "तू शेजारी बस. पण मधी बोलू नको."

ती स्वतः उठून आत गेली आणि त्या बाईंच्या समोर मांडी घालून बसली. शाळेत पाठांतर म्हणावं तशी बोलली, एकाच आवाजात. ऐक ती काय म्हणाली.

"दुपारी आईनं बॅग भरली. माझी पुस्तकं पण घातली. मला म्हणाली, चप्पल घाल, आपण वैशूमावशीकडं चाललो. मी म्हटलं, उद्या परीक्षा हाय. ती म्हणाली, परीक्षा तिथून देऊ. मी एक चप्पल घातली. मग पप्पा आले. म्हणाले, कुठं? आई म्हणाली, बाजूला व्हा. पप्पानं गळा धरला. आई त्यांच्या हाताला चावली. मग त्यांनी तिला जिन्यावरनं ढकललं. मग ते खाली गेले. आई उठत होती. त्यांनी तिचे केस धरून डोकं पायरीवर आपटलं. दोनदा. मग तिसऱ्यांदा."

पोलीस बाईंचं पेन थांबलं होतं. तुझे वडील दाराच्या चौकटीला धरून खाली बसले. मी मध्ये बोलले नाही. बोलायचं नाही असं तिनं सांगितलं होतं.

एसटीत परत येताना मी खिडकीच्या गजावर कपाळ टेकवून बसले होते. गुरुवारी तुला ओढून नेलं असतं तर तू आज असतीस का? मला माहीत नाही. बहुतेक असतीस. हे ओझं मी कुणाला देणार नाही, तुलाही नाही. तो बाहेर आला तर मी काय करीन याची खात्री मला देता येत नाही, आणि तू समोर असतीस तर त्यावरूनही आपलं वाजलं असतं.

पण तू येत होतीस, सारे. कुणी हात धरला नव्हता, कुणी स्कूटीवर बसवलं नव्हतं. बॅग भरून, लेकराची पुस्तकं घेऊन, त्याला तोंडावर "बाजूला व्हा" म्हणून, तू तुझ्या पायानं निघाली होतीस. माझ्याकडं.

त्या रविवारी दुपारी मी घरीच होते गं. गॅलरीत कपडे वाळत घालत होते. तिथून रस्ता पार कोपऱ्यापर्यंत दिसतो.